गोळी घड्याळाला बांधा, पाळीला नको

सिडको, नाशिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला कामाचा भाग असा:

‘ह्यांना बायपोलरचं (तेजी-मंदीच्या आजाराचं) निदान होऊन चार वर्षं झाली. वय ३८. अंबड एमआयडीसीत मशीनवर काम, दर आठवड्याला पाळी बदलते. सकाळची ७ ते ३, दुपारची ३ ते ११, रात्रीची ११ ते ७. लिथियम ३०० च्या तीन गोळ्या आणि क्वेटियापिन १०० ची एक, “झोपताना घ्या” असं सांगितलंय. म्हणून नाईट असली की सकाळी घरी आल्यावर साडेआठला घेतात. मागच्या आठवड्यात तशाच घेतल्या आणि अकरा वाजता लॅबमध्ये रक्त दिलं. लिथियम १.३ आलं. डोस कमी करायचा का, ते पुढच्या भेटीत ठरणार आहे, भेट दहा दिवसांनी आहे. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळीही अधूनमधून घेतात. दुसरं म्हणजे सुट्टी असली की रात्री दीड-दोनपर्यंत जागे, सकाळी दहाशिवाय उठत नाहीत, उठले तरी डोकं जड. शेजारणीने मोबाइलवर वाचलं की लिथियमने शरीराचं घड्याळच बदलतं. खरं आहे का? बंद करावं का?’

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. बंद करू नका. एका दिवसासाठीही स्वतःच्या मनाने नको. लिथियम अचानक थांबवलं की पुढच्या काही आठवड्यांतच आजार उलटण्याचा धोका वाढतो, आणि उलटतो तो बहुधा तेजीच्या, म्हणजे अवास्तव उत्साहाच्या, बाजूने.

आता तो १.३ चा आकडा, कारण हे काम दहा दिवस थांबण्यासारखं नाही. लिथियमची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी मोजायची असते. ०.६ ते ०.८ ही आजार उलटू नये म्हणून ठेवायची नेहमीची मर्यादा या १२ तासांच्या हिशोबानेच ठरलेली आहे. गोळी पोटात गेल्यावर पातळी आधी चढते, साध्या गोळीची एक ते तीन तासांत आणि हळू विरघळणाऱ्या एसआर गोळीची चार-पाच तासांत, मग उतरत जाते. साडेआठला गोळी आणि अकराला रक्त, म्हणजे अडीच तास. चढाच्या टोकावर सुई टोचली गेली. त्या वेळचा १.३ आणि बारा तासांनंतरचा १.३ यांची तुलनाच होत नाही. या आकड्यावर डोस ९०० चा ६०० केला, तर चांगली बसलेली घडी विनाकारण मोडू शकते.

पण लगेच निःश्वास सोडू नका. कंबरेची गोळी मध्ये आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडातून लिथियम पुरेसं बाहेर पडू देत नाहीत, त्यामुळे पातळी खरोखरच वाढलेली असू शकते. म्हणून ती गोळी आजपासून बंद, डॉक्टरांना आजच फोन आणि दोन-तीन दिवसांत योग्य वेळी पुन्हा रक्त. दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल चालते. फक्त पाकीट नीट वाचा: मेडिकलमध्ये ‘पॅरासिटामॉलचीच आहे’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत एसिक्लोफिनॅक मिसळलेलं असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही असाच खेळ करतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, हायड्रोक्लोरोथायझाइड यांतली कोणती पुढे कधी सुरू झाली, तर त्या डॉक्टरांना लिथियमचं सांगा.

लॅबमध्ये एक गोष्ट विचारून घ्या. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिन घातलेलं असतं. त्यात रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा फुगतो. सहसा लाल किंवा पिवळ्या टोपणाची नळी वापरतात. उपाशीपोटी जायची गरज नाही. फॉर्मवर ‘शेवटची गोळी अमुक वाजता’ असं लिहायला लावा. तेवढ्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियमही करून घेता येतं, लिथियमवर असताना ते दर सहा महिन्यांनी बघावंच लागतं.

हे वाचताना त्यांचा हात जोरात थरथरत असेल, चालताना तोल जात असेल, जीभ जड झाली असेल, उलट्या-जुलाब चालू असतील, तर फोनची वाट बघू नका. पुढची गोळी देऊ नका, पाकीट हातात घेऊन सरळ दवाखान्याच्या अपघात विभागात जा. लिथियमची विषबाधा अशीच दिसते.

आता घड्याळ.

शेजारणीने वाचलं ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच कामाची गोष्ट आहे. मेंदूत दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. यकृत, मूत्रपिंड, कातडी, सगळ्या पेशींत आपापली छोटी घड्याळं असतात, ती या मुख्य घड्याळाच्या मागे चालतात. पेशीत काही जनुकं ठराविक प्रथिनं बनवायला लागतात, प्रथिनं साठत जातात, पुरेशी साठली की परत येऊन स्वतःचंच उत्पादन थांबवतात, मग हळूहळू झिजून संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून. असा एक फेरा साधारण २४ तासांचा. हा फेरा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं.

ही प्रथिनं किती टिकणार, कधी झिजणार, यावर जीएसके-३ नावाच्या एका एन्झाइमचा हात असतो. लिथियम त्याच एन्झाइमला आवरतं. हात आवरला की फेरा जरा लांबतो. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक थोडा खाली सरकवला की ते मागे पडायला लागतं, तसंच काहीसं. उंदरांत, पेशींत, अगदी वनस्पतींतही लिथियमने हा फेरा लांबलेला दिसला आहे. माणसांवर १९८० च्या सुमारास स्पिट्सबर्गनला प्रयोग झाले. उत्तर ध्रुवाजवळच्या त्या बेटावर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे दिवसरात्रीची खूण नसताना आतलं घड्याळ कसं चालतं ते बघता येतं. तिथेही लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींचा फेरा लांबला.

मग बिघडलं की सुधारलं? लिथियमने पेशींतली लय लांबते तशी ठळकही होते, म्हणजे दिवसाचा चढ आणि रात्रीचा उतार जास्त उठून दिसतो. तेजी-मंदीच्या आजारात हीच लय फिकी आणि डळमळीत झालेली असते. शिवाय रात्रीच्या उजेडाने मेंदूतलं मेलॅटोनिन (रात्र झाल्याची खूण देणारं संप्रेरक) दबतं, तो परिणामही लिथियम आणि व्हॅल्प्रोएट या दोन्हींनी काहीसा कमी झालेला आढळला आहे. तेव्हा औषध घड्याळ मोडत नाही. पण माणसाचा मूळ फेराच सरासरी २४ तास आणि दहा-बारा मिनिटांचा असतो, लिथियम त्यात थोडी भर घालतं, आणि ही रोजची मागे पडलेली मिनिटं रोज सकाळी भरून काढावी लागतात. भरून काढतो तो सकाळचा उजेड. संध्याकाळचा आणि रात्रीचा उजेड उलटीकडे, आणखी मागे ओढतो.

तुमच्या यजमानांचं सुट्टीच्या दिवशी नेमकं काय होतं ते बघा. रात्री दीडपर्यंत ट्यूबलाइट आणि मोबाइल: ढकलणारा उजेड मिळाला. सकाळी दहापर्यंत पडदे ओढून झोप: ओढून आणणारा उजेड गेला. असे दोन दिवस झाले की घड्याळ तास-दीड तास मागे, आणि सोमवारी फर्स्ट शिफ्टला साडेपाचला उठायचं. डोकं जड होणारच. लिथियमवर असलेल्या माणसाला सकाळच्या उजेडाची गरज इतरांपेक्षा थोडी जास्त असते, कमी नाही, एवढंच त्या मोबाइलवरच्या मजकुरात राहून गेलं.

मात्र सगळं जडपण घड्याळाच्या माथी मारू नका. क्वेटियापिनची गुंगी हा वेगळा मामला आहे. ती हिस्टामीनच्या मार्गाने येते, घड्याळाच्या नव्हे. रात्री एकला गोळी घेतली तर सकाळी नऊपर्यंत तिचा अंमल राहणारच. थायरॉइड मंद झालं तरी असंच अंग जड होतं, आणि लिथियमने ते होऊ शकतं, म्हणून टीएसएच. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर तेही लिथियमचंच आणि झोप त्यानेच मोडते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुष्कळ जण लाजेने सांगत नाहीत. आणि मंदीची सुरुवातही याच चेहऱ्याने येते.

तुमच्या घरात खरी अडचण कुठे आहे? ‘झोपताना घ्या’ या दोन शब्दांत. ज्याची झोप रोज रात्री आहे त्याला हे सांगणं पुरतं. तीन पाळ्यांच्या माणसाला नाही, कारण त्या डबीतल्या दोन गोळ्यांचे नियम वेगवेगळे आहेत.

लिथियमला झोपेशी काही देणंघेणं नाही. ते रक्तातून निम्मं व्हायला साधारण एक दिवस घेतं. त्याला हवा आहे दर २४ तासांचा सारखा अंतराल. आज रात्री दहाला आणि पाळी बदलली की परवा सकाळी साडेआठला, असं केलं की कधी साडेदहा तासांचं अंतर पडतं, कधी साडेचौतीस. पातळी वरखाली होते आणि रक्त कधी तपासावं याचा मेळच बसत नाही. म्हणून घड्याळातली एकच वेळ धरा. तुमच्या तीन पाळ्या बघता रात्री साडेनऊ बरी पडेल, जेवणानंतर, म्हणजे मळमळ कमी. फर्स्टच्या आठवड्यात घरी, झोपायच्या आधी. सेकंडला कारखान्यात, डब्याबरोबर. नाईटला घरून निघायच्या आधी. हा बदल डॉक्टरांशी बोलून फर्स्टच्या आठवड्यात सुरू करा, कारण तेव्हा गोळी तशीही रात्रीच असते. नाईटच्या आठवड्यात मधूनच वेळ फिरवायला जाल तर एकाच दिवसात दोन डोस पडतील. एखादी गोळी राहिली आणि सकाळी आठवली, तर दुसऱ्या रात्री दुप्पट घ्यायची नाही. एसआर असेल तर तोडून किंवा कुटून द्यायची नाही.

साडेनऊची वेळ ठरली की रक्तही सोपं होतं: सकाळी साडेनऊ. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळ मोकळीच असते, नेहमीची तपासणी तेव्हाच ठेवा. आत्ताची मात्र तोवर थांबवू नका. सध्या गोळी ज्या वेळी घेतली असेल तिथून १२ तास मोजा. डोस किंवा वेळ बदलल्यावर पुढची पातळी पाच ते सात दिवसांनी बघतात.

क्वेटियापिनचं उलट. ती झोपेला बांधलेली गोळी आहे. साडेनऊला लिथियमबरोबर घेऊन माणूस नाईटला गेला, तर दीड तासात गुंगी चढेल आणि हात प्रेसमध्ये किंवा लेथवर असेल. सेकंडलाही तेच, डब्यात ही गोळी चुकूनही जाता कामा नये. ती ज्या आठवड्यात जेव्हा झोपायचं तेव्हाच, घरी, दाराला कडी लावून. नाईटच्या आठवड्यात दिवसा घ्यायची की तेवढ्यापुरती कमी करायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. दोन गोळ्यांना दोन डब्या करा, शक्यतो वेगळ्या रंगाच्या, आणि लिथियमची डबी जेवणाच्या ताटाजवळ, क्वेटियापिनची उशाशी.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि ते गोळीत नाही, हजेरीपटात आहे. त्यांच्या तीन आठवड्यांच्या झोपा एकाखाली एक मांडून बघा. फर्स्टला रात्री दहा ते पहाटे साडेपाच. सेकंडला साडेबारा ते सकाळी आठ. नाईटला सकाळी साडेआठ ते दुपारी तीन. पहिल्या दोन झोपांत साडेबारा ते साडेपाच हे पाच तास समाईक आहेत. या पाच तासांच्या आधाराने घड्याळ उभं राहू शकतं. नाईटच्या झोपेचा या दोन्हींशी एक मिनिटही मेळ नाही. दर तिसऱ्या आठवड्यात घड्याळ उखडायचं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा रोवायचं, हे निरोगी माणसालाही जड जातं. बायपोलरमध्ये तर झोप तुटणं हे तेजीचं हमखास निमित्त. आमचं स्पष्ट मत आहे की त्यांनी नाईट सोडावी, फर्स्ट आणि सेकंड एवढ्याच पाळ्या मागाव्यात. मनोविकारतज्ज्ञांकडून ‘वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी देऊ नये’ एवढ्याच मजकुराचा दाखला मागा. आजाराचं नाव त्यात घालायलाच हवं असं नाही. आधी सुपरवायझरशी बोलून कोणी पाळी अदलाबदल करायला तयार आहे का ते बघा, मग कागद द्या. रात्रपाळीचा भत्ता जाईल, ते खरं.

ती सुटेपर्यंत नाईटच्या आठवड्यात इतकं तरी करा. सुटल्यावर घरी येताना सकाळचा उजेड डोळ्यांत कमी जावा, म्हणून कंपनीच्या बसमध्ये टोपी आणि काळा चष्मा. मोटारसायकल असेल तर चष्मा नको. झोपाळलेल्या माणसाला वाट अंधारी करून देऊ नये. खोलीच्या खिडकीला जाड काळं कापड, फटीही झाकलेल्या. मुलांची शाळा, कुकरची शिट्टी, दारावरची बेल, याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवू शकाल. चहाचं प्रमाण सगळ्या पाळ्यांत सारखं ठेवा. चहा-कॉफीने लिथियम लघवीवाटे जास्त जातं, त्यामुळे नाईटला सहा कप आणि सुट्टीत एक असं झालं की पातळीही डोलते. शेवटचा कप झोपायच्या सहा तास आधी.

फर्स्ट-सेकंडच्या आठवड्यांसाठी उठायची वेळ साडेपाच आणि साडेसात, सुट्टीलाही साडेसातच. आत्ता दहाला उठत असतील तर एकदम साडेसात करायला जाऊ नका. दर दोन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे आणा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेर, गच्चीवर किंवा रस्त्यावर, वीस-तीस मिनिटं. ढग असले तरी बाहेरचा उजेड काही हजार लक्स असतो, घरातल्या ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे मिळतात. नाशिकला जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे थंडीत फर्स्ट शिफ्टवाल्याला उजेड मिळतो तो कारखान्याच्या गेटवर. तेव्हा पहिल्या सुट्टीत चहा शेडमध्ये न घेता बाहेर अंगणात घ्यावा. उजेडाचे खास दिवे बाजारात मिळतात, ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, भडक प्रकाशाने तेजी चढू शकते. रात्री नऊनंतर मोठी ट्यूब बंद, पिवळा कमी वॅटचा दिवा. अंधाराचा असर किती असतो याचं एक उदाहरण: नॉर्वेत झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेजी चढलेल्या दाखल रुग्णांना संध्याकाळी सहा ते सकाळी आठ निळा प्रकाश अडवणारे नारिंगी चष्मे सात दिवस दिले. औषधं चालूच होती, तरी चष्मा घालणाऱ्यांची तेजी ठळकपणे लवकर उतरली.

उपासाचं विचारलं नाहीत, पण नवरात्र येतंच. निर्जळी आणि अळणी, हे दोन उपास लिथियमवर नकोत. पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतं. भगर-आमटी, पाणी, मीठ व्यवस्थित असलेला उपास चालतो. वणीच्या गडावर पायी जायचं असेल तर पाण्याची बाटली आणि रात्रीची झोप, दोन्ही ठरवून. एप्रिल-मेच्या उन्हातही हीच काळजी. जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवशीच फोन.

इतर काही वाचकांच्या गोळ्या वेगळ्या असतील, म्हणून थोडक्यात. लॅमोट्रिजिनने काहींची झोप उडते, तशी उडत असेल तर सकाळची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. व्हॅल्प्रोएटचाही परिणाम घड्याळाच्या जनुकांवर दिसतो, पण मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी त्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात, तेव्हा ते चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच, गोळी न थांबवता, डॉक्टरांना भेटा.

ताई, तुमच्याकडे एक काम. कॅलेंडरच्या रोजच्या चौकोनात पाच वेळा टिपा: उठले कधी, घरातल्या कोणाशी पहिलं बोलले कधी, काम सुरू कधी, रात्रीचं जेवण कधी, झोपले कधी. शेजारी लिथियमची वेळ. तीन आठवडे झाले की ते पान फाडून डॉक्टरांना द्या, तोंडी सांगण्यापेक्षा त्यावरून त्यांना जास्त कळेल. आणि त्या चौकोनांत लागोपाठ दोन रात्री तीन-चार तासांची झोप दिसली, तरी माणूस थकलेला नाही, उलट पहाटे चारला उठून मोटारसायकल धुतोय आणि नव्या धंद्याचे बेत सांगतोय, तर भेटीची तारीख बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ते लागत नसतील तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.